चिंचिला भांडतायत? आधी पिंजरे वेगळे करा

दोन चिंचिला (उंदीर-खारीसारखे कुरतडणारे, मऊ दाट केसांचे छोटे पाळीव प्राणी) आणून थेट एका पिंजऱ्यात सोडले की राडा होणारच, अनोळखी पाहुणा पहिल्याच दिवशी आपल्या बेडवर झोपला तर आपल्याला तरी चालेल का. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, तिकडे कळपानेच राहतात पण जागेच्या बाबतीत एकदम कडक, त्यात मादी बऱ्याचदा नरापेक्षा मोठी आणि दादागिरी करणारी, चिडली की मागच्या पायांवर उभी राहून लघवीची पिचकारी मारते (मी खाल्लीय तोंडावर, म्हणून सांगतोय).

तर पिंजरे शेजारी ठेवा पण मध्ये चार बोटं अंतर सोडा, नाहीतर जाळीतून पायाची बोटं चावतात. मग डस्ट बाथची (हे बारीक धुळीत लोळून अंघोळ करतात, त्याची) भांडी अधूनमधून अदलाबदल करा म्हणजे एकमेकांचा वास सवयीचा होतो. एक-दोन आठवड्यांनी दोघांनाही नवीन असलेल्या जागेत थोडा वेळ सोडा, तुम्ही तिथेच बसा. थोडा पाठलाग, अंगावर चढणं चालतं. केसांचे पुंजके उडाले किंवा रक्त दिसलं की लगेच वेगळे करा, टॉवेल टाकून, हात घालून नाही. पुढे एका पिंजऱ्यातही खायची भांडी आणि लपायची घरं दोन-दोन हवीत. आणि दोन नरांच्या जवळपास मादी ठेवूच नका.

ही ओळख करून द्यायला नाशिकचा एप्रिल-मे मात्र टाळा, पारा चाळिशीला टेकतो आणि यांना 25 डिग्रीच्या वरच त्रास व्हायला लागतो, मग एसी लावूनही दुपारी नकोच, संध्याकाळी उशिरा बघा.