हिवाळ्याच्या तोंडावर सशांचे कान तपासा

पाऊस ओसरून सकाळचे दव पडू लागले की शेडमधले ससे डोके झटकू लागतात. धूळ गेली असेल, डास चावला असेल म्हणून आठ-पंधरा दिवस कोणी लक्ष देत नाही, आणि तोवर शेजारच्या चार पिंजऱ्यांत तेच सुरू झालेले असते. ही कानातली खरूज. ती करणारा सोरोप्टिस जातीचा किडा कातडीत बीळ पाडत नाही. कानाच्या नळीत कातडीवरच राहतो, तिला इजा करतो आणि पाझरणाऱ्या स्रावावर जगतो. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी तयार व्हायला सुमारे ३ आठवडे लागतात. थंड, दमट हवेत गळून पडलेल्या खपलीतही तो जवळजवळ तितकेच दिवस तग धरतो. कोरड्या उन्हाळ्यात तो अंगाबाहेर लवकर मरतो, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ जास्त जपण्याचा.

आठवड्यातून एकदा, वार ठरवून, प्रत्येक सशाचे दोन्ही कान बघा. ससा कानांनी उचलू नका. एका हाताने मानेमागची सैल कातडी धरा आणि दुसरा हात पुठ्ठ्याखाली द्या. मागचे पाय लोंबकळते राहिले तर ससा जोरात लाथ मारतो आणि त्या झटक्यात त्याच्याच कमरेचा मणका मोडू शकतो. मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळून घेतला की तो शांत बसतो. मग मोबाइलच्या टॉर्चने कानाच्या बुडापर्यंत पाहा, कारण सुरुवात तिथे होते. वरची पाळी स्वच्छ दिसली म्हणून कान बरा आहे असे समजू नका.

निरोगी कान आतून फिकट गुलाबी आणि कोरडा असतो. बुडाशी थोडा पिवळसर, मऊ मळ असला तर चालतो. तो कोरू नये. कान गरम लागला म्हणजे ताप आला असेही नाही. ससा अंगातली उष्णता कानांवाटेच बाहेर टाकतो. शंका असेल तर गुदद्वारात थर्मामीटर लावा, ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस हे त्याचे नेहमीचे तापमान.

खरजेची पहिली खूण म्हणजे मागच्या पायाने कानाचे बूड खाजवणे. कानामागचे केस तुटके होतात, नखांचे ओरखडे दिसतात, एखादा कान पडलेला राहतो. पुढे आत तपकिरी थर चढतो, पापुद्र्यावर पापुद्रा, जुन्या पत्र्याचा गंज सुटावा तसा, आणि उग्र वास येतो. खात्री करायची असेल तर आपोआप सुटलेला एखादा पापुद्रा काळ्या कागदावर ठेवून कागद उन्हात धरा. मिनिटभरात राखाडी-पांढरे ठिपके सरकताना दिसले तर तेच किडे. भिंगाने त्यांचे पायही दिसतात.

कानाच्या कडांवर, नाकावर, ओठांवर आणि पंजांवर पांढरट, कोरडी, पिठासारखी खपली असेल तर ती बहुधा सार्कोप्टिस या दुसऱ्या किड्याची खरूज. गोल, केस गेलेला चट्टा असेल तर नायटा. हे दोन्ही माणसाला लागतात, म्हणून हातमोजे घाला आणि अशा सशाला मुलांच्या हाती देऊ नका. कानातला सोरोप्टिस माणसाच्या अंगावर टिकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे: खपली ओढून काढू नका. चिमट्याने किंवा काडीने कान साफ करण्याचा मोह होतो, पण खपलीखालची कातडी सोलवटलेली असते. ओढली की रक्त येते, जखमेत जंतू शिरतात आणि वेदनेने ससा खाणे सोडतो. सशाचे पोट थांबले तर तो खरजेने नव्हे, त्यानेच दगावतो. किडे मेले की खपली साधारण ७ ते १४ दिवसांत स्वतःहून गळते. कापूस लावलेली काडी तर कानात घालूच नये; नळी खाली जाऊन वळते आणि मळ पडद्याकडे ढकलला जातो.

उपचार आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनने होतो आणि चूक होते ती मात्रेत. १ टक्क्याच्या बाटलीवर जनावरांसाठी ‘५० किलोला १ मिली’ असे छापलेले असते. या हिशेबाने २ किलोच्या सशाला ०.०४ मिली आणि ३.५ किलोच्या सशाला ०.०७ मिली येते. खरूज जुनी असेल तर पशुवैद्यक ही मात्रा दुपटीपर्यंत नेतात. तो निर्णय त्यांचाच. ससा आधी काट्यावर तोला, अंदाजाने नको. २ मिलीच्या सिरिंजने इतके थोडे औषध मोजताच येत नाही, सुईच्या बुडातच तेवढे अडकते. इन्सुलिनची सिरिंज वापरत असाल तर तिच्यावर यू-१०० लिहिले आहे की यू-४० ते वाचा. यू-१०० वर ४ युनिट म्हणजे ०.०४ मिली, यू-४० वर तेच ४ युनिट म्हणजे ०.१ मिली, अडीच पट. औषध वाढवण्यासाठी त्यात पाणी मिसळू नका, ते पाण्यात एकजीव होत नाही. सुई खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली द्यावी आणि दट्ट्या हळू दाबावा.

एका इंजेक्शनने काम संपत नाही, कारण अंडी औषधाने मरत नाहीत. म्हणून १०व्या ते १४व्या दिवशी दुसरी मात्रा आणि गरज पडल्यास तेवढ्याच अंतराने तिसरी. पहिल्या मात्रेनंतर ससा खाजवायचा थांबतो, दुसरी राहून जाते आणि महिन्याभरात खरूज परत येते. तारीख पिंजऱ्यावर खडूने लिहून ठेवा. शेडमधल्या सगळ्या सशांना एकाच दिवशी औषध द्या, खाजवणाऱ्यांनाच नव्हे. गाभण माद्या, लहान पिल्ले आणि मांसासाठी ठेवलेले ससे यांबाबत आधी पशुवैद्यकांना विचारा. औषधानंतर किती दिवस विक्री करायची नाही तेही नोंदवहीत लिहा.

कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवरचे फिप्रोनिल सशाला कधीही लावू नका, त्याने ससे मरतात. कुत्र्यांच्या कानातले थेंबही मनाने घालू नयेत. बऱ्याचशांत स्टेरॉइड असते आणि पडदा फाटलेला असेल तर काही प्रतिजैविके ऐकण्याची नस निकामी करतात. अमॉक्सिसिलिनसारखी औषधे तोंडावाटे दिली तर पोटातले उपयोगी जंतू मरून ससा जुलाबाने जातो. रॉकेल आणि फिनेल कानापासून दूरच ठेवा. कोमट खोबरेल तेलाच्या दोन-तीन थेंबांनी खपली मऊ पडते, पण तेवढ्याने खरूज जात नाही.

औषधाच्या दिवशीच पिंजरे हाताळा, नाहीतर गळलेल्या खपल्यांतून किडे परत चढतात. गवत, भुसा आणि पिल्लांच्या पेटीतले केस जाळून टाका. ससे दुसरीकडे हलवून तारेच्या जाळीवरून ब्लो-लॅम्पची आच फिरवा. लाकडी पेट्या गरम पाण्याने घासून कडक उन्हात वाळवा. सांधे उन्हाकडे ठेवा, किडे तिथेच दडतात. बाजारातून आणलेला ससा ४ आठवडे वेगळा ठेवा आणि त्याचे काम सगळ्यात शेवटी करा. नखे कापलेली असली की खाजवून कान फाटत नाहीत.

मान एका बाजूला वाकडी झाली, ससा गोल फिरू लागला, बुबुळे आडवी थरथरू लागली तर दुखणे कानाच्या आत गेले आहे, किंवा मेंदूतल्या परजीवीचा त्रास आहे. दोन्हींचे औषध वेगळे, त्यामुळे घरी वेळ घालवू नका. लोंबत्या कानांच्या शोभेच्या सशांत कानाच्या बुडाशी गाठही येते. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, वाहून जात नाही, त्यामुळे थेंबांचा उपयोग होत नाही. पशुवैद्यकांना गाठ उघडावी लागते. अशा सशाला गुंडाळलेल्या पोत्यांचा आधार द्या आणि निप्पलऐवजी उथळ वाडग्यात पाणी ठेवा. लसूणघास तोंडाशी धरा. खालच्या बाजूचा डोळा रोज पाहा, तो घासून त्यावर पांढरे येते. १२ तासांत लेंड्या पडल्या नाहीत किंवा खाणे बंद झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उपचार कित्येक आठवडे चालतात. बरा झाल्यावरही मान थोडी कललेली राहू शकते. असा ससा नीट खातो, हिंडतो, फक्त त्याचा पिंजरा खालच्या रांगेत ठेवा.