मुलांना घेऊन लातूरला परतताय? आमच्या या चुका टाळा

टेक्सासमधलं घर आवरायला घेतलं तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आपलीच लेकरं हायेत की, त्यांना कशाचे कागद लागतेत?" आम्हीही मनातून तसंच धरून चाललो होतो. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. आजीची नातवंडं इथल्या प्रत्येक खिडकीवर अमेरिकन नागरिक ठरतात.

जन्मदाखला नुसताच आणणं

परदेशी दाखल्यावर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याची दुसऱ्या देशात चालणारी सरकारी मोहर, नसेल तर इथं काम अडू शकतं. आमच्या थोरलीचा जन्म ओहायोचा. अपोस्टील जन्म झाला त्याच राज्यातून मिळतं, म्हणजे टेक्सासमध्ये कितीही वर्षं राहिलो तरी ओहायोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडेच जायचं. हे आम्हाला लातुरात येऊन कळलं. मग तिथल्या एका मैत्रिणीला गळ घातली. तिनं दाखल्याची नवी प्रमाणित प्रत काढली, अपोस्टील करून घेतलं, कुरिअर केलं. यात दीड महिना गेला. निघण्याआधीच दोन-दोन प्रती करून घ्या.

आखातात जन्मलेल्या आणि आईवडील भारतीय असलेल्या मुलांचं वेगळं आहे. त्यांचा जन्म वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवायचा असतो. ते राहिलं असेल तर तिथं असतानाच मार्गी लावा.

शाळेत नाव 'आपल्या पद्धतीनं' लिहू देणं

ही चूक मला सगळ्यात महागात पडली. शाळेतल्या क्लार्कनं पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, पोरीच्या नावात वडिलांचं नावच नाही की." आणि त्यानं ते आपणहून मधे लिहिलं. मीही मान डोलावली, चांगलंच वाटलं मला! पण जनरल रजिस्टरमधलं नाव पुढं दहावीच्या गुणपत्रिकेवर जातं. पासपोर्टवर एक, ओसीआय कार्डवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) तेच आणि गुणपत्रिकेवर दुसरंच, असा घोळ होतो. नाव पासपोर्टबरहुकूमच लिहायला लावा. चुकलंच असेल तर मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांकडे पासपोर्टची प्रत जोडून लेखी अर्ज द्या. दहावी झाल्यावर हे फार किचकट होतं.

शाळा आधार मागेल. ओसीआय असलेल्या मुलांना मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिल्यावरच आधारसाठी अर्ज करता येतो. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे दर आठवड्याला तोच निरोप घरी येणार नाही.

मराठीचंही आधीच बघा. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. आमची पोरं घरात मराठी बोलायची, पण 'ळ' काढायला सहावीत शिकली.

लातूर म्हणजे 'नीट' (डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा), असं धरून येणं

कितीतरी आईबाप याच आशेनं येतात, म्हणून जरा खोलात सांगते. 4 मार्च 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ओसीआय असलेल्या मुलांना नीट किंवा जेईई देता येते, पण प्रवेश एनआरआय किंवा अधिसंख्य (म्हणजे ठरलेल्या जागांपेक्षा जादा) जागांवरच. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या तारखेआधी ओसीआय मिळालेल्यांना हे लागू नाही. आमच्या थोरलीचं कार्ड 2016 चं, धाकट्याचं 2022 चं. एकाच घरातली दोन भावंडं, एकच शिकवणी, आणि फीचा हिशोब मात्र दोन. कार्डाची तारीख आज बघून ठेवा, बारावीला नको.

आईवडील अजून भारतीय पासपोर्टवर असतील तर अल्पवयीन मुलांची भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करायची तरतूद 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे. अर्थात मग अमेरिकन पासपोर्टवर पाणी सोडावं लागतं. त्यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

मुलांचा पासपोर्ट संपत आलेला असणं

सोळा वर्षांखालच्यांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि नव्यासाठी दोन्ही पालकांची संमती लागते. एक जण नोकरीपायी तिकडं थांबणार असेल तर आधीच नवा काढा, नाहीतर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत खेपा ठरलेल्या. नवा आला की तीन महिन्यांत त्याची प्रत आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचे. वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टला हे करावं लागतं.

बँकेचं थोडक्यात: परतल्यावर एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं तसंच चालवू नका, निवासी करून घ्या. आणि तुम्ही स्वतः अमेरिकन नागरिक झाला असाल तर शेतजमीन वारशानं मिळू शकते, विकत घेता येत नाही. गावाकडचे भाऊबंद "शेजारचा तुकडा घे" म्हणतील तेव्हा हे सांगा.

सामानात स्वयंपाकघरातली विजेची उपकरणं भरू नका. तिकडची 110-120 व्होल्टवर चालतात, इथं 230. आमचा राइस कुकर पहिल्याच दिवशी जळाला. सासूबाई आता त्यात लसूण ठेवतात.