अग्निशमन दलाचा रिपीटर स्कॅनरवर ऐकताना या चुका टाळा

स्कॅनर, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सी आळीपाळीने ऐकणारा रेडिओ सेट, गप्प राहिला की बहुतेक जण पहिला दोष अँटेनाला देतात आणि आधीपेक्षा मोठी अँटेना विकत आणतात. ती बसवल्यावरही स्कॅनर गप्पच राहतो, कारण अडचण पुष्कळदा अँटेनात नसून रिपीटर, म्हणजे जवानांचे संदेश घेऊन पुन्हा प्रसारित करणारे यंत्र, काय करतो याविषयीच्या अपुऱ्या समजुतीत असते. म्हणून बिघाड शोधताना तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत: सिग्नल सेटपर्यंत पोहोचतो का, पोहोचलेल्या सिग्नलला सेट वाट देतो का, आणि त्यातला आवाज त्याला उलगडता येतो का.

त्याआधी कायदा पाहणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेले रेडिओ संदेश मुद्दाम ऐकणे हा २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार गुन्हा आहे. अमेरिकेत अग्निशमन दलाचे उघडे, म्हणजे एन्क्रिप्ट (सांकेतिक) न केलेले, संदेश ऐकण्यास सामान्यतः मुभा असली, तरी काही राज्यांत वाहनात स्कॅनर बाळगण्यावर निर्बंध आहेत. यापुढचा मजकूर जिथे असे ऐकणे कायदेशीर आहे तिथल्यासाठीच आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे रिपीटरची चुकीची बाजू ऐकणे. रिपीटर एका, म्हणजे इनपुट, फ्रिक्वेन्सीवर जवानांच्या हँडसेटचा सिग्नल घेतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, उंच जागेवरून व जास्त शक्तीने, तो पुन्हा प्रसारित करतो. आपल्याला ऐकायची असते ती ही दुसरी, म्हणजे आउटपुट फ्रिक्वेन्सी. अमेरिकेत ४५० ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात इनपुट हे आउटपुटपेक्षा ५ मेगाहर्ट्झने वर असते. ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते ४५ मेगाहर्ट्झने खाली असते. आणि १५० मेगाहर्ट्झच्या आसपास मात्र असे ठरलेले अंतरच नाही, त्यामुळे तिथे अंदाज बांधणे व्यर्थ ठरते. कधीतरी जवळून गेलेल्या बंबाचा आवाज स्पष्ट येतो, पण नियंत्रण कक्षाचे उत्तर कधीच ऐकू येत नाही, अशी स्थिती असेल तर स्कॅनरमध्ये आउटपुटऐवजी इनपुट भरले गेले आहे असे बहुधा समजावे. इनपुट अगदीच निरुपयोगी नसते. ते वेगळ्या चॅनेलवर ठेवले तर बोलणारा हँडसेट आपल्या परिसरात आहे की शहराच्या दुसऱ्या टोकाला, याचा अंदाज येतो.

दुसरी चूक टोनची. टोन (सीटीसीएसएस) म्हणजे ६७ ते सुमारे २५४ हर्ट्झमधला एक मंद स्वर, जो आवाजाखाली सतत पाठवला जातो, आणि सेटमध्ये भरलेला टोन त्याच्याशी जुळला नाही तर स्कॅनर सिग्नल येऊनही तोंड उघडत नाही. फ्रिक्वेन्सीच्या याद्यांमध्ये दिलेला टोन अनेकदा रिपीटर चालू करण्यासाठी लागणारा, म्हणजे इनपुटचा असतो. आउटपुटवर तोच टोन असेल, वेगळा असेल किंवा मुळीच नसेल. यादीवर विसंबून टोन भरणारा माणूस त्यामुळे महिनोन्महिने शांतता ऐकत बसू शकतो. माझे मत स्पष्ट आहे: नव्या चॅनेलवर सुरुवातीला टोन भरूच नये. टोन बंद ठेवून आधी सिग्नल येतो का ते पाहावे, मग स्कॅनरच्या टोन शोधण्याच्या सोयीने प्रत्यक्षात कोणता टोन येतो ते वाचावे, आणि दूरच्या दुसऱ्या रिपीटरचा किंवा विजेच्या उपकरणांचा त्रास होत असेल तरच तो कायम करावा.

फ्रिक्वेन्सी बरोबर भरूनही आवाज चिरका किंवा फार बारीक येत असेल, तर स्टेप (सेट ज्या ठरावीक अंतराने फ्रिक्वेन्सी बदलतो ते अंतर) आणि चॅनेलची रुंदी तपासावी. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांच्या परस्पर मदतीच्या चॅनेलपैकी एक १५४.२७२५ मेगाहर्ट्झवर आहे. ५ किलोहर्ट्झची स्टेप असलेला जुना सेट ती १५४.२७० किंवा १५४.२७५ अशी करून टाकतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. रुंदीचेही तसेच आहे. त्या देशात १ जानेवारी २०१३ पासून १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झमधील अशा सेवांना १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलवर यावे लागले. अरुंद सिग्नल रुंद एफएमवर ऐकला तर आवाज दबका येतो, आणि रुंद सिग्नल अरुंद एफएमवर ऐकला तर तो मोठ्या स्वरांवर फाटतो.

सेटमध्ये काहीही बिघाड नसतानाही बिघाडाची शंका यावी असा एक प्रसंग नेहमी घडतो. बंब घटनास्थळी पोहोचेपर्यंत रिपीटरवर भरपूर बोलणे चालू असते आणि मग, नेमकी आग विझवण्याच्या वेळी, सारे शांत होते. याचे कारण असे की इमारतीच्या आतून हँडसेटचा सिग्नल दूरच्या रिपीटरपर्यंत पोहोचेल याची खात्री नसते, म्हणून अनेक दलांचे जवान तिथल्या तिथे थेट हँडसेट ते हँडसेट चालणाऱ्या सिम्प्लेक्स चॅनेलवर जातात. या चॅनेलची शक्ती थोडी आणि अँटेना जमिनीलगत असल्यामुळे ते लांबून ऐकू येत नाहीत. ते चॅनेल भरून ठेवावेत, पण रोज ऐकू येण्याची अपेक्षा करू नये.

स्कॅनिंगच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. डिले, म्हणजे बोलणे थांबल्यावर स्कॅनर त्या चॅनेलवर थांबतो तो वेळ, शून्यावर असेल तर प्रश्न ऐकून स्कॅनर पुढे निघून जातो आणि उत्तर हुकते. सुमारे दोन सेकंदांचा डिले पुरतो. बोलणे संपल्यावरही रिपीटर काही क्षण चालूच राहत असेल आणि स्कॅनर त्या शेपटावर अडकत असेल, तर टोन लावून पाहावा, कारण काही रिपीटर शेपटाच्या काळात टोन बंद करतात.

आता अँटेना, जिची चर्चा लोक सर्वांत आधी करतात. ती उभीच असावी, कारण दलाच्या अँटेना उभ्या असतात. १५४ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची दांडी सुमारे ४८ सेंटिमीटर आणि ४६० मेगाहर्ट्झसाठी सुमारे १६ सेंटिमीटर भरते. गच्चीवर चांगली अँटेना बसवून खाली ३० मीटर आरजी-५८ केबल आणली, तर ४५० मेगाहर्ट्झला मिळवलेल्या सिग्नलचा दहावा हिस्साही सेटपर्यंत येणे कठीण असते. मग अॅम्प्लिफायर लावण्याचा मोह होतो, आणि तोच अनेकदा दुखणे वाढवतो: जवळच्या एफएम केंद्राचा किंवा पेजर मनोऱ्याचा जबरदस्त सिग्नलही त्याच्याबरोबर वाढतो आणि सेटचा पुढचा भाग गुदमरतो. याची परीक्षा सोपी आहे. स्कॅनरचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणारी सोय, चालू करावा. त्यामुळे हवा असलेला सिग्नल उलट स्वच्छ झाला, तर अडचण सिग्नलच्या कमतरतेची नसून अतिरेकाची आहे आणि तिथे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर अॅम्प्लिफायरपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

डिजिटल यंत्रणेत हाच उलटा न्याय आणखी ठळकपणे दिसतो. साध्या अॅनालॉग स्कॅनरवर पी-२५ (आपत्कालीन सेवांच्या डिजिटल रेडिओची एक पद्धत) प्रसारण नुसती घरघर म्हणून येते, त्यासाठी डिजिटल सेटच लागतो. आणि यंत्रणा पी-२५ च्या दुसऱ्या टप्प्याची असेल, तर केवळ पहिला टप्पा समजणारा सेट चालत नाही. पण योग्य सेट असूनही सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या आणि शब्द मात्र तुटलेले, असे होत असेल तर सायमलकास्टचा संशय घ्यावा. अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर तोच संदेश पाठवतात, तो आपल्यापर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि सेट गोंधळतो. इथे चौफेर ऐकणारी उंच अँटेना जास्त मनोरे ऐकून गोंधळ वाढवते. एकाच मनोऱ्याकडे रोखलेली यागी (एकाच दिशेने ऐकणारी अँटेना), किंवा सेट खोलीत काही फूट सरकवणेही, बऱ्याचदा पुरते. काही नव्या स्कॅनरांचा रिसिव्हर अशा सिग्नलसाठीच वेगळ्या पद्धतीने बनवलेला असतो.

जागा बदलल्यावर तुटणे कमीजास्त झाले तर ते सायमलकास्ट. सेट सिग्नल पकडतो, दलाचा ओळखक्रमांकही दाखवतो, पण प्रत्येक जागी आवाज बंदच किंवा सारखाच विद्रूप राहतो, तेव्हा संदेश बहुधा एन्क्रिप्ट केलेला असतो, आणि त्यावर स्कॅनरच्या कोणत्याही सेटिंगमध्ये उपाय नसतो. तो चॅनेल लॉकआउट करून, म्हणजे स्कॅनिंगमधून वगळून, यादीतल्या पुढच्या चॅनेलकडे वळावे.