निम्म्यांनी बर्फच पाहिलेला नाही, तरी स्कीइंगची सहल कशी आखावी

कोल्हापुरातून स्कीइंगला निघणाऱ्या ग्रुपचं चित्र बहुतेक वेळा ठरलेलं असतं. एक-दोघं आधी कुठेतरी शिकून आलेले, तीन-चार जण पहिल्यांदाच बर्फ बघणार आणि एखादे काका-काकू ‘आम्ही नुसतं बघत बसतो’ म्हणणारे. सगळी आखणी शिकलेल्यांच्या सोयीने झाली, की नवखे दुसऱ्याच दिवशी खोलीत रजई ओढून बसतात. म्हणून सुरुवात नवख्यांपासून करा. सराईत माणूस कुठेही आपलं बघून घेतो.

१. कोणाला किती येतं ते नीट विचारा

‘स्कीइंग येतं का रे?’ असं विचारलंत तर आपल्याकडे उत्तर एकच: ‘व्हय, येतंय की!’ त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. ठरवलेल्या जागी थांबता येतं का? डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही वळणं घेता येतात का? बर्फावर शेवटचं कधी उभा होतास? मध्ये चार-पाच वर्षं गेली असतील तर त्याला सरळ एक पायरी खाली धरा. नुसतं बघणाऱ्यांचीही वेगळी यादी करा, त्यांचा दिवस कसा जाणार हेही ठरवावं लागतं.

२. तारखा

इथे आपली खरी अडचण आहे. दिवाळीच्या सुट्टीत बर्फ पडलेला नसतो, मे महिन्यात तो संपलेला असतो आणि ऐन हंगामात दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असतात. ग्रुपमध्ये शेतकरी असेल तर उसाची तोड नेमकी कधी येणार, हा प्रश्न वेगळाच. गुलमर्गला साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत बर्फ असतो. त्यातही जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ बरा. तरीही खात्री नाहीच. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याचा बराचसा काळ गुलमर्ग कोरडं होतं आणि २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा तिथला टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला. तिकिटं आणि हॉटेल तारीख बदलता येईल असेच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

३. जागा

मिश्र ग्रुपसाठी माझं मत गुलमर्ग. साधारण २,६५० मीटरवरच्या पठाराला लागून नवख्यांसाठी सौम्य उतार आहेत आणि तिथूनच गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारी केबल कार, निघतो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट शिखराच्या अंगाला ३,९०० मीटरच्या वर. म्हणजे शिकणारे, शिकलेले आणि बघे एकाच गावात राहू शकतात. मनालीजवळचं सोलंग तोंडओळखीला ठीक. औलीचे उतार शिकायला छान आहेत, पण हरिद्वार-ऋषिकेशहून रस्त्याने अख्खा दिवस जातो. शिवाय जोशीमठ खचल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, त्यामुळे आधी चौकशी करूनच ठरवा.

४. शिकवायला प्रशिक्षकच

मित्राने मित्राला आणि नवऱ्याने बायकोला स्कीइंग शिकवू नये. उतारावर भांडण होतं आणि ते घरापर्यंत येतं. तीन-चार नवख्यांमागे एक प्रशिक्षक धरा, निदान पहिले तीन दिवस. फळ्यांची, म्हणजे पायाला बांधायच्या स्कीची, पुढची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, असा ‘व्ही’ करून वेग कमी करणं आणि थांबणं, एवढं त्या दिवसांत बहुतेकांना जमतं. ते जमल्याशिवाय कोणालाही वर नेऊ नका.

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याचा मामला वेगळा आहे. वर उतार तीव्र आहे, बर्फ दाबून सपाट केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका खराच असतो. सराईतांनीही स्थानिक गाइड, बीकन (बर्फाखाली गाडला गेलेला माणूस शोधायला संदेश देणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) घेऊन, त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा बघूनच जावं. ‘एक फोटो काढून येऊ’ म्हणत नवख्याला फळ्या बांधून तिथे नेणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. त्याला वरून डोंगर बघायचे असतील तर गोंडोलाने जावं, गोंडोलानेच यावं.

५. दिवसाचा बेत

सकाळी ज्याने-त्याने आपापल्या उतारावर जावं, पण दुपारचं जेवण एकत्र आणि ठरल्या वेळीच. पहिले दोन दिवस जेवणाची जागा नवख्यांच्या उताराजवळ ठेवा, खाली यायचं ते सराईतांनी. नंतर एक दिवस सगळे मिळून कोंगडोरीला जा. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. वारा सुटला की वरचा टप्पा बंद होतो, हेही धरून चाला. बाहेरची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, म्हणून प्रत्येक गटात एक तरी पोस्टपेड फोन असू द्या. तिसऱ्या दिवसापर्यंत मांड्या भरून येतात, तेव्हा नवख्यांना अर्धा दिवस सुट्टी द्या.

६. शरीर आणि सामान

निघण्याआधी दीड महिना बैठका सुरू करा. गुडघे वाकवून, वजन पुढे ठेवून उभं राहणं म्हणजे जवळपास कुस्तीचा पवित्राच. तालमीत गेलेल्या माणसाला ते लवकर कळतं. जोडीला जोतिबाच्या पायऱ्या किंवा पन्हाळ्याची चढण. मात्र आपण राहतो पाचशे-सहाशे मीटरवर, त्यामुळे पोचल्याच्या दिवशी फळ्या बांधू नका.

फळ्या आणि बूट तिथेच भाड्याने मिळतात. बूट घट्ट हवा. गुडघा पुढे वाकवल्यावर टाच उचलली जाता कामा नये. मोजा एकच आणि पातळ. दुकानदाराला वजन खरं सांगा, कारण पडल्यावर बूट फळीतून सुटायचा की नाही हे त्या हिशोबाने लावतात. दोन-चार किलो लपवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. जीन्स आणि सुती कपडे भिजले की वाळत नाहीत. गॉगल, पाणी न शिरणारे हातमोजे आणि हेल्मेट यांत काटकसर नको. कांदा-लसूण चटणी घ्याच.

७. पैसे आणि प्रवास

राहणं, जेवण आणि गाडी यांची वर्गणी सारखी काढा. गोंडोला, गाइड आणि प्रशिक्षक ज्याचा त्याने भरावा. प्रवास विम्यात स्कीइंग येतं का, ते कागदावर बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात.

मुंबई किंवा पुण्याहून विमानाने श्रीनगर, तिथून सुमारे पन्नास किलोमीटरवर गुलमर्ग. रेल्वेच हवी असेल तर जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत धावते, पण कोल्हापूरहून दिल्लीमार्गे फार दिवस जातात. जोराचा बर्फ पडला की गुलमर्गच्या खालच्या टंगमर्गला गाडी बदलून चाकांना चेन लावलेली गाडी घ्यावी लागते आणि धुक्यात-बर्फात विमानंही रद्द होतात. म्हणून परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम श्रीनगरलाच ठेवा आणि कामावर रुजू व्हायची तारीख आणखी एक दिवस पुढची सांगून ठेवा.