घरच्या लिव्हर एस्प्रेसो मशीनवर या चुका टाळा

कॉफी पाणचट उतरली की दांडा आणखी जोरात दाबायचा, आणि कडू उतरली तरी दोष दांड्यालाच द्यायचा. लिव्हर मशीन, म्हणजे दांडा दाबून गरम पाणी कॉफीच्या पुडीतून रेटणारं मशीन, नवीन घेतलेल्यांचं बहुतेक इथंच चुकतं. ५१ मिलिमीटरच्या बास्केटमध्ये (पूड भरायच्या जाळीदार वाटीत) ९ बारचा दाब म्हणजे दाबून बसवलेल्या पुडीच्या चकतीवर साधारण १८५ किलोचा भार. एवढा भार दांड्याच्या लांबीमुळे येतो, दंडाच्या ताकदीचा त्यात वाटा थोडा. हाताचं खरं काम आत काय चाललंय ते ओळखण्याचं. आणि बिघाड जवळजवळ नेहमी दांडा उचलायच्या आधीच झालेला असतो: दळणात, तापमानात किंवा पाण्यात.

दळण

मिक्सरवर एस्प्रेसोचं दळण होत नाही. पातं बिया फोडत जातं, त्यामुळे थोडी पिठासारखी पूड आणि थोडे जाडसर कण असं मिश्रण निघतं. पाणी जाडसर भागातून वाट काढून निसटतं आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही चवी येतात. बर ग्राइंडर, म्हणजे पात्याऐवजी दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया भरडणारा, हवाच. पैसे मोजके असतील तर मशीन साधं घ्या आणि ग्राइंडर चांगला घ्या. एस्प्रेसोपर्यंत बारीक जाणारा हाताचा ग्राइंडरही घरी पुरतो.

कर्नाटक आपल्या कोल्हापूरला एवढं जवळ, त्यामुळे घरात फिल्टर कॉफीची पूड असते आणि पहिला प्रयोग तिच्यावरच होतो. तिच्यात चिकोरी असेल तर ती इथं वापरू नका. चिकोरी कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, चकती चिकट होते आणि पाणी अडतं. चिकमगळूर किंवा कूर्गच्या अख्ख्या बिया, मध्यम भाजलेल्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या घ्या. भाजल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग उघडा.

सुरुवातीचं प्रमाण सोपं आहे: १५ ग्रॅम पूड, कपात ३० ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. वजनकाटा ०.१ ग्रॅमचा लागतो, चमच्याचा अंदाज चालत नाही. ला पाव्होनीसारख्या थेट दांड्याच्या (हाताच्याच जोरावर दाब देणाऱ्या) मशीनवर दांडा वर नेऊन ५ ते १० सेकंद थांबा, पूड भिजू द्या, मग सावकाश खाली आणा. दांडा काही अडथळा न लागता खाली गेला तर दळण जाड आहे किंवा पूड कमी पडली आहे. अंगाचा भार टाकूनही हलत नसेल तर दळण फार बारीक आहे. तिथं रेटू नका. चकतीला चिरा पडतात, पाणी चिरेतून धावतं आणि वर सीलवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांवर) ताण येतो. मधेच दांडा पुन्हा वर-खाली करून कप भरायचा मोहही टाळा, चकती उसवते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, वजन आणि टँपिंग (पूड बास्केटमध्ये दाबून बसवणं) तिन्ही एकदम बदललं तर सुधारणा कशामुळे झाली ते कळायला मार्गच उरत नाही. पावसाळ्यात हे जास्त जपावं लागतं. जुलैतल्या दमट हवेत मे महिन्याचं सेटिंग चालेलच असं नाही, म्हणून सकाळचा पहिला शॉट (एका वेळी काढलेली कॉफी) चाखून ग्राइंडरची एखादी खाच इकडे-तिकडे करा. बिया हवाबंद डब्यात, फ्रिजच्या बाहेर. फ्रिजमधून रोज काढ-घाल केली की डब्यात दव धरतं.

तापमान

थंड मशीन तापताना बॉयलरमध्ये हवा कोंडते. बॉयलरच्या दाबाचा काटा ०.८ बार दाखवतो, पाणी मात्र तेवढं तापलेलं नसतं. वाफेची नळी थोडी उघडून हवा जाऊ द्या, दाब पडेल, तो पुन्हा चढल्यावर शॉट काढा. पहिला कप आंबट येण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

उलटी अडचण पाहुणे आल्यावर येते. ०.८ बारला बॉयलरमधलं पाणी साधारण ११६ अंशांवर असतं आणि ग्रुपच्या (बास्केट जिथं अडकते त्या पुढच्या भागाच्या) धातूतून येताना ते कॉफीला सोसेल इतकं निवतं. तिसऱ्या-चौथ्या शॉटपर्यंत लहान मशीनचा ग्रुप स्वतःच इतका तापतो की पाणी निवतच नाही आणि कॉफी करपट लागते. ‘आणि एक टाका की’ असा आग्रह झाला तरी दोन शॉटनंतर थांबा, ग्रुपभोवती ओला फडका गुंडाळा, थोड्या वेळाने पुढचा काढा.

बॉयलर नसलेलं, किटलीचं पाणी ओतायचं मशीन असेल तर कोल्हापूरची उंची लक्षात घ्या. समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. आधीच दोन अंश कमी, त्यात मशीनचा पाणी ओतायचा सिलिंडर थंड. सिलिंडर उकळत्या पाण्याने नीट तापवून घ्या आणि किटली उतरवल्या उतरवल्या पाणी ओता. हलक्या भाजणीच्या बियांना हे फारच गरजेचं.

यात हयगय नको

स्प्रिंगच्या जोरावर दाब देणारं मशीन असेल तर दांडा खाली ओढून अर्ध्यात सोडू नका. बास्केटमध्ये पूड नसेल किंवा दळण जाड असेल तर तो उसळून हनुवटीवर बसतो. तोंड दांड्याच्या रेषेतून बाजूला ठेवा.

बॉयलरचं झाकण दाब असताना उघडायचं नाही. मशीन बंद करा, वाफ सोडा, काटा शून्यावर येऊ द्या, मगच हात लावा. शॉट संपल्यावर पोर्टाफिल्टर (बास्केट बसवलेली मूठ) लगेच फिरवला तर गरम चोथा अंगावर उडतो. दांडा खालीच ठेवून मिनिटभर थांबा आणि हळूहळू सैल करा. पाण्याची पातळी दाखवणारी काच रोज बघा. कोरडा बॉयलर तापला की हीटर जळतो. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेलं मशीन १२० व्होल्टचं असतं, ते थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावू नका.

पाणी आणि दूध

बोअरचं जड पाणी बॉयलरमध्ये क्षार साठवतं. नुसतं आरओचं पाणी घातलं तर चव सपाट होते. नळाचं गाळलेलं आणि आरओचं पाणी मिसळून वापरा, आणि क्षार दिसू लागले की सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्याने धुऊन दोन-तीनदा साध्या पाण्याने खळबळून घ्या.

दूध आपल्याकडे म्हशीचं, दाट आणि गोड. कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मात्र थेट वाफवायला घेऊ नका. काही सेकंदांच्या वाफेने कच्चं दूध सुरक्षित होत नाही. तापवून, साय काढून, फ्रिजमध्ये पूर्ण गार केलेलं घ्या. ६० ते ६५ अंशांवर थांबा. भांडं हाताला धरवेनासं झालं की वाफ बंद. नळी लगेच पुसा, नाहीतर दूध आत ओढलं जाऊन वाळतं.

सील आणि सुटे भाग

दांडा करकरू लागला किंवा ग्रुपच्या वरून पाणी झिरपू लागलं की पिस्टनची सीलं सुकलेली किंवा झिजलेली असतात. त्यांना फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीस लागतं. व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं. खोबरेल आणि स्वयंपाकाचं तेलही नको, ते उष्णतेने खवट आणि चिकट होतं.

मशीनसोबत आलेला प्लॅस्टिकचा टँपर (पूड दाबायचा ठोकळा) बहुधा सैल असतो आणि चकतीच्या कडा मोकळ्या राहतात. नवा ऑनलाइन महागात मागवण्यापेक्षा बास्केट हातात घेऊन उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, जा. लेथवाल्याला आतला व्यास कॅलिपरने मोजू द्या आणि अर्धा मिलिमीटर कमी धरून ३०४ स्टेनलेसमध्ये करायला सांगा. पितळेचा नको.