मैत्रिणीला विमानात उघडायला द्यायची छोटी भेट: पुरचुंडी अशी बांधा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातून कोणी परदेशी निघालं, की घरोघरून डबे येतात. चिवडा, डिंकाचे लाडू, जवसाची चटणी. ते सगळं मोठ्या बॅगेत जातं आणि तिकडे पोचल्यावरच उघडतं. मधल्या आठ-दहा तासांचा विचार कोणी करत नाही. फोनला रेंज नसते, शेजारी अनोळखी माणूस, खिडकीबाहेर अंधार. पहिल्यांदाच विमानात बसलेल्या पोरीला घर आठवतं ते नेमकं तेव्हा. त्या तासांसाठी मुठीत मावेल एवढी एक भेट वेगळी द्यावी, असं मला फार वाटतं.

माझी बालमैत्रीण शिकायला जर्मनीला निघाली तेव्हा मी अशी भेट दिली आणि चुकले. चकचकीत कागद, चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर रिबीन. विमानतळावर सुरक्षा तपासणीत ते उघडायला लावलं. मागे रांग, हिची घाई. कागद फाटला आणि आतली चिठ्ठी तिथल्या ट्रेमध्येच राहिली. पुढच्या वर्षी ती सुट्टीत येऊन परत गेली, तेव्हा मी सगळं नव्याने केलं. ते असं.

वस्तू सांगून टाका, चिठ्ठी गुपित ठेवा

बॅग तुम्हीच भरली का, कोणी काही न्यायला दिलं आहे का, हे विमानतळावर विचारलं जातं. तिला खरं उत्तर देता आलं पाहिजे. म्हणून आत काय आहे ते तिच्यासमोरच ठेवा, तिच्या हाताने बांधून घ्या. वस्तू कळली म्हणून मजा जात नाही. पाकिटात बंद राहते ती चिठ्ठी.

कागद नको, दुपट्टा घ्या

आपल्याकडे उन्हात तोंडाला बांधायला जो सुती दुपट्टा असतो, त्यातच सगळं बांधा. तपासणीत गाठ सोडता येते, पुन्हा मारता येते. विमानात एसी चांगलाच गार असतो. पंचेचाळीस डिग्रीत वाढलेल्या आपल्या माणसाला तो बोचतो. मग हाच दुपट्टा गळ्याला, कानाला गुंडाळता येतो. गाठ साधी मारा, एका हाताने सुटेल अशी.

खायचं काय द्यावं

इथे जरा थांबून विचार करा. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असलं, तरी आतली हवा साधारण १८०० ते २४०० मीटरवर असते तेवढी विरळ ठेवलेली असते. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे त्याच्या दुप्पट उंचीवर बसल्यासारखं समजा. हवा कोरडी असते, नाक सुकतं, जिभेला गोड आणि खारट कमी लागतं. हवाबंद पाकीट फुगतं, गच्च भरलेली बाटली उघडताना उडते. म्हणून गोडापेक्षा आंबट बरं. वाळवलेली आवळा सुपारी, चिंचेच्या गोळ्या, बोरकूट यांची चव तिथेही लागते.

यातल्या चार-पाच गोळ्या वेगळ्या पुडीत बांधा आणि वर लिहा, ‘उतरताना’. विमान खाली येताना कानात दडे बसतात. काही चघळत, गिळत राहिलं की कान मोकळे होतात. माझ्या मैत्रिणीला सगळ्यात जास्त उपयोग या पुडीचा झाला.

नागपुरी संत्रं द्यायचं तर एकच, आणि ते विमानातच खायचं. ताजी फळं, खव्याची बर्फी, पेढे युरोपात उतरताना नेऊ देत नाहीत. ऑस्ट्रेलिया, अमेरिकेचे नियमही कडक आहेत. उरलं तर उतरण्याआधी विमानातच टाकून द्यायला सांगा. लसणाची चटणी कितीही आवडीची असली तरी त्या बंद जागेत नको, शेजारच्याचाही विचार करावा.

हे मात्र नकोच

दुबई, कतार, सौदीकडे जाणाऱ्याला खसखस असलेलं काहीही देऊ नका. तिथे खसखशीला बंदी आहे आणि माणूस तुरुंगापर्यंत जाऊ शकतो. आपल्या डिंकाच्या लाडवात, सावजी मसाल्यात खसखस असते. ज्याने केलं त्यालाच विचारून घ्या, अंदाजावर राहू नका.

तिखटाची पूड आणि मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. काडेपेटी, कात्री, ब्लेड नको. आंतरराष्ट्रीय विमानात तूप, तेल, अत्तर असं काहीही १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत हातात नेता येत नाही.

आणि शेतातली माती. हे सांगताना मलाही जड जातं, कारण चिमूटभर माती द्यायची इच्छा मलाही झाली होती. पण बऱ्याच देशांत परदेशी माती न्यायला मनाई आहे, तिच्यातून रोगकिडी जातात. कपाशीच्या बोंडाचंही तसंच, आत सरकी असते आणि सरकी म्हणजे बी. मी बोंडाऐवजी सेवाग्रामहून आणलेली सुताची छोटी गुंडी दिली. कापूसही आपला आणि अडवायलाही कोणी नाही.

वजन

हातातल्या बॅगेला बहुधा ७ किलोची मर्यादा असते आणि ती आधीच काठोकाठ भरलेली असते. सगळी पुरचुंडी पाव किलोच्या आत बसवा. जागा उरली तर एक साधा बॉलपेन टाका, शाईचा नको, दाब बदलला की तो गळतो. काही देशांत उतरताना फॉर्म भरावा लागतो आणि तेव्हा पेन कोणाकडेच नसतो.

चिठ्ठी

एक पान पुरे. हाताने लिहा. उपदेश नको, ‘मोठी हो’ वगैरे तिला स्टेशनवर, एसटी स्टँडवर सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. तिकीट बघून हिशोब करा, ती हे वाचेल तेव्हा गावात किती वाजले असतील, आणि तिथून सुरुवात करा. मी लिहिलं होतं: ‘आता आपल्याकडे पहाटेचे चार. नळ अजून यायचा आहे. तुझी आई उठली असेल, माझी झोपली आहे. काल तुमच्या वावरात दुसरी वेचणी संपली, काकांनी कापूस घरातच भरून ठेवला, भाव बघून काढू म्हणाले.’ अशा रोजच्या गोष्टी लिहा. तिच्या घरच्या लहान पोरांकडून एकेक ओळ लिहून घ्या, चुका दुरुस्त करू नका.

द्यायचं कधी

निघताना नाही. तेव्हा सगळे रडत असतात, हातात नारळ-कुंकू असतं आणि तुमची पुरचुंडी गडबडीत मोठ्या बॅगेत जाते. आदल्या रात्री, सामान भरतानाच द्या आणि समोरच्या सीटखाली बसेल अशा लहान पिशवीत ठेवायला लावा. वरच्या कप्प्यातलं काढायला खिडकीजवळच्या माणसाला दोघांना उठवावं लागतं, आणि पहिल्यांदा बसलेली पोरगी कोणाला उठवत नाही. मी मैत्रिणीला एवढंच म्हटलं होतं, “पट्ट्याचा दिवा विझला का मंग उघडजो, त्याच्या आधी नाही.” ती म्हणाली, “आन् नाही राहवलं तं?”

“तं संत्रं खाऊन घेजो. चिठ्ठी मंग.”