गॉथिक शिकायचंय? मग शेजारी ग्रीक उघडी ठेवा

गॉथिक म्हणजे गॉथ लोकांची, जर्मनच्याच कुळातली (जर्मानिक) जुनी भाषा. संस्कृत झालंय, जर्मनही बऱ्यापैकी येते, अशा माणसाची तिच्यात सुरुवातीला चंगळ असते. 'इस्त' म्हणजे अस्ति, 'सिंद' म्हणजे सन्ति, 'सुनुस' म्हणजे सूनु, 'वाइत' म्हणजे वेद. भूतकाळात काही धातूंचं द्वित्वसुद्धा होतं, थेट संस्कृतमधल्या लिट् लकारासारखं (म्हणजे परोक्ष भूतकाळासारखं). रूपावली पाठ करायची सवय आपल्याला असतेच. त्यामुळे व्याकरणाचा हा भाग मी इथे उगाळत नाही, तो तुम्हाला जमेल.

तुम्ही अडकाल ते वाक्यात. मीही तिथेच अडकले होते, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

उपलब्ध गॉथिक मजकुराचा फार मोठा भाग म्हणजे 4थ्या शतकात बिशप वुल्फिलाने ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर. तेही तुकड्यातुकड्यांत उरलेलं. सगळ्यात प्रसिद्ध हस्तलिखित स्वीडनमध्ये उप्सालाला आहे, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईत लिहिलेलं. मूळच्या 336 पानांपैकी आज 188 शिल्लक आहेत, त्यातलं एक 1970 साली जर्मनीत श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये मिळालं. आता हे भाषांतर ग्रीकच्या मागे शब्दाला शब्द लावत चालतं. म्हणजे आपण गॉथिक वाक्यरचना म्हणून जी वहीत उतरवतो, ती पुष्कळदा ग्रीकच असते.

उदाहरण घ्या. मत्तय 8:1 मध्ये 'इउम्योन्स मनगोस' येतं, शब्दशः 'समुदाय पुष्कळ'. लगेच नियम लिहावासा वाटतो की गॉथिकमध्ये विशेषण नामानंतर येतं. थांबा. ग्रीकमध्ये तिथे 'ऑख्लोइ पॉल्लोइ' आहे, अगदी त्याच क्रमाने. म्हणजे या जागेवरून काहीच सिद्ध होत नाही. गॉथ लोक घरी तसं बोलत असतील किंवा नसतीलही. दोन्ही भाषा जिथे जुळतात तिथला पुरावा मुका असतो. वुल्फिला जिथे ग्रीकचं बोट सोडतो, तिथेच गॉथिक ऐकू येते.

आणि अशा जागा आहेत, घाबरू नका. मार्क 10:35 मध्ये जब्दीचे दोन मुलगे येशूकडे मागणं मागतात. ग्रीकमध्ये साधं बहुवचन आहे, कारण त्या काळच्या ग्रीकमधून द्विवचन गेलेलं होतं. गॉथिकमध्ये मात्र 'बिद्योस' येतं, म्हणजे 'आम्ही दोघं मागतो', आणि पुढे 'उङ्किस', 'आम्हा दोघांसाठी'. येशूही उलट विचारताना द्विवचनच वापरतो. हे वुल्फिलाला ग्रीकने दिलेलं नाही. मार्क 8:23 तर मला फार आवडतं: 'ग-उ-ह्व-सेह्वि'. आंधळ्याला काही दिसतंय का, असा प्रश्न आहे. 'ग' हा उपसर्ग आणि 'सेह्वि' हे क्रियापद, आणि या दोघांच्या मधे 'उ' हा प्रश्नार्थक अव्यय आणि 'ह्व' म्हणजे 'काही' घुसलेत. ऋग्वेदात उपसर्ग क्रियापदापासून सुटा होतो हे ज्यांनी वाचलंय त्यांना इथे नक्की मजा येईल.

यात आणखी एक मेख आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ श्ट्राइटबेर्गच्या गॉथिक बायबलच्या 1908 च्या आवृत्तीत गॉथिकसमोर ग्रीक छापलेली आहे. सोय उत्तम. पण ती ग्रीक कुठल्या एका हस्तलिखितातली नाही, वुल्फिलापुढे काय असेल याचा श्ट्राइटबेर्गने बांधलेला अंदाज आहे. म्हणून ग्रीक नव्या कराराची पाठभेद देणारी एखादी वेगळी आवृत्तीही हाताशी हवी. दोन पुस्तकं उघडी ठेवून वाचण्याचा वेग रडकुंडीला आणतो. आणू दे.

जोसेफ राइटचं 1910 चं गॉथिक व्याकरण नवशिक्याला अजून चालतं. फक्त त्यात 'अइ' आणि 'अउ' यांवर जी चिन्हं दिसतात ती संपादकाची आहेत, हस्तलिखितात तसं काही नाही.

अँटवर्प विद्यापीठाच्या वुल्फिला प्रकल्पाच्या संकेतस्थळावर शब्दावर टिचकी मारली की त्याचं व्याकरण समोर येतं. ती आधी मारू नका. रूप स्वतः ओळखा, मग ताडून पाहा. आणि आजच्या शब्दांना गॉथिक प्रतिशब्द घडवत बसणाऱ्या हौशी मंडळींपासून निदान पहिलं वर्षभर लांब राहा. त्यांचा उत्साह खरा आहे, पण वुल्फिलाचे शब्द आणि परवा कुणीतरी बनवलेले शब्द डोक्यात एकत्र झाले की निवडता निवडत नाहीत. गुरू शोधत असाल तर माझं मत थोडं तिरकं आहे: गॉथिकवर भरभरून बोलणाऱ्यापेक्षा ग्रीक शांतपणे शिकवणारा धरा.

नोकरीचं विचाराल तर केवळ गॉथिकच्या जोरावर कुणी पगार देत नाही. तुलनात्मक भाषाशास्त्र किंवा जर्मानिक भाषा यांच्या अभ्यासात ती एक पेपर म्हणून येते, आणि तिथे गॉथिक पक्की असलेला विद्यार्थी उठून दिसतो, एवढं मात्र खरं. शिवाय मजकूर थोडा आहे हीच सोयही आहे. सगळं उरलेलं गॉथिक एका माणसाला वाचून संपवता येतं. लॅटिनबद्दल असं कोण म्हणेल?

सुरुवात मार्कपासून करा. वाक्यं सोपी, पुनरुक्ती भरपूर. हात बसला की इटलीतल्या बोलोन्यात सापडून 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पानाकडे वळा. तिथे सलग भाषांतर नाही, बायबलमधल्या उद्धृतांनी भरलेला प्रवचनासारखा मजकूर आहे, आणि शेजारी ठेवायला तयार ग्रीक मिळत नाही.